एकच चिप, निराळे फोन

स्मार्टफोन विकणाऱ्या बहुतेक कंपन्या फोनचे मुख्य भाग स्वतः बनवत नाहीत, विकत घेतात. प्रोसेसर बहुधा अमेरिकेच्या क्वालकॉमचा किंवा तैवानच्या मीडियाटेकचा असतो, आणि या दोन्ही कंपन्यांच्या महागड्या चिप प्रत्यक्ष घडवण्याचे काम मुख्यतः तैवानचीच टीएसएमसी करते. कॅमेऱ्याचा सेन्सर सोनीचा नाहीतर सॅमसंगचा. पडदा सॅमसंग डिस्प्ले, एलजी डिस्प्ले किंवा चीनच्या बीओईचा. वरची काच बऱ्याचदा अमेरिकेच्या कॉर्निंगची. ॲपलही याला अपवाद नाही. २०१७च्या आयफोन टेनला ओएलईडी पडदे पुरवले ते सॅमसंगने. आयफोनमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ सोनीचे सेन्सर वापरले जात असल्याचे ॲपलचे प्रमुख टिम कुक यांनी २०२२ साली जाहीरपणे सांगितले.

भाग एवढे सारखे असूनही एक फोन पाच वर्षे कुरकुर न करता चालतो आणि दुसरा दीड वर्षातच हँग होऊ लागतो. भागांच्या निवडीमुळे यात थोडाफार फरक पडतो. खरा फरक पडतो तो ते भाग आणि सॉफ्टवेअर यांची जुळणी करण्यात आणि ती जुळणी वर्षानुवर्षे टिकवण्यात. दुकानातल्या पाटीवर रॅम, मेगापिक्सेल आणि बॅटरीची क्षमता लिहिलेली असते. या जुळणीबद्दल तिथे काहीच लिहिलेले नसते.

दोन घराणी

आजच्या स्मार्टफोनची दोन घराणी आहेत. स्टीव्ह जॉब्ज यांनी पहिला आयफोन ९ जानेवारी २००७ रोजी दाखवला आणि जूनअखेर तो विक्रीला आला. ॲपलने फोनचा आराखडा, ऑपरेटिंग सिस्टीम आणि पुढे ॲप विकण्याचे दुकान, असे सगळे आपल्या हाती ठेवले. २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही चिप आखणारी कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये ए४ ही आपल्या नावाची चिप आणली. २०१३च्या आयफोन ५एसमधली ए७ ही स्मार्टफोनमधली पहिली ६४ बिटांची चिप होती. तेव्हापासून आयफोनचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना पुढच्या दोन-तीन वर्षांत कोणती चिप येणार हे आधीच ठाऊक असते, आणि चिप आखणाऱ्यांना सॉफ्टवेअरची गरज माहीत असते. आयफोनमध्ये रॅम कमी आणि बॅटरी लहान असूनही तो मागे पडत नाही, याचे मुख्य कारण ही एकहाती आखणी आहे.

दुसरे घराणे अँड्रॉइडचे. अँड्रॉइड ही छोटी कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली, गूगलने ती २००५ मध्ये घेतली, आणि एचटीसीने बनवलेला पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये बाजारात आला. अँड्रॉइडचा गाभा मुक्त आहे; कोणीही तो घेऊन बदलू शकते. मात्र प्ले स्टोअर, जीमेल, नकाशे आणि त्यांच्यामागच्या सेवा गूगलच्या परवान्यानेच मिळतात. या परवान्याच्या अटी भारतातही वादात सापडल्या. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने भारतातल्या फोन कंपन्यांना आपली ॲप सुटी सुटी निवडण्याची मुभा दिली.

अँड्रॉइडच्या मोकळेपणामुळे पाच-सहा हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंतचे फोन एकाच प्रणालीवर उभे राहिले. त्याच मोकळेपणामुळे जबाबदारीही वाटली गेली. फोन बिघडला की दोष गूगलचा, चिप कंपनीचा की फोन कंपनीचा, हे ग्राहकाला कळेनासे झाले.

अपडेटची साखळी

नव्या अँड्रॉइडचा कोड गूगल प्रसिद्ध करते. तो फोनवर चालण्यासाठी चिप कंपनीला आपले ड्रायव्हर त्याच्याशी जुळवावे लागतात. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम आणि यंत्र यांच्यातले दुभाषी सॉफ्टवेअर. त्यानंतर फोन कंपनी आपले बदल त्यात बसवते, कॅमेरा आणि नेटवर्क तपासते, काही देशांत मोबाइल सेवा कंपन्यांकडून मंजुरी घेते, आणि मग अपडेट ग्राहकापर्यंत येते. यातला एक दुवा थांबला की पुढचे सगळे थांबतात.

नेदरलँड्समधल्या फेअरफोन कंपनीचा अनुभव इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. सुटे भाग घरच्या घरी बदलता येतील असा फेअरफोन २ या कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये आणला. हार्डवेअरच्या बाजूने तो दीर्घायुषी होता: पडदा फुटला तर पडदा बदला, बॅटरी थकली तर बॅटरी. परंतु त्यात क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०१ ही चिप होती आणि अँड्रॉइड ७ साठी क्वालकॉमने या चिपला आधार दिला नाही. फोन धडधाकट, पण प्रणाली जुनी, अशी अवस्था झाली. या छोट्या कंपनीने मग स्वतःच्या बळावर, हौशी प्रोग्रामरांनी चालवलेल्या लिनेज ओएसची मदत घेत, हा फोन अँड्रॉइड १० पर्यंत नेला आणि मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून अधिक काळ, त्याला अपडेट दिले. पुढे २०२३च्या फेअरफोन ५ साठी कंपनीने फोनची नेहमीची चिप घेतलीच नाही. कारखान्यांतल्या यंत्रांसाठी बनवलेली, दीर्घ आधाराची हमी असलेली क्वालकॉमची चिप तिने निवडली आणि आठ वर्षांच्या सॉफ्टवेअरचे वचन दिले. फोनचे सॉफ्टवेअर किती वर्षे चालेल हे बऱ्याच अंशी चिप निवडतानाच ठरते, ते असे.

ही साखळी सुटसुटीत करण्यासाठी गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ सोबत ट्रेबल ही रचना आणली. तिच्यामुळे चिपशी जोडलेला भाग आणि वरची प्रणाली वेगळे झाले, आणि खालच्या भागाला हात न लावता वरचा बदलणे सोपे झाले. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून सुरक्षेचे काही भाग थेट प्ले स्टोअरमार्गे बदलता येऊ लागले. याची फळे पुढच्या काही वर्षांत दिसली. एके काळी अँड्रॉइड फोनला दोन वर्षे अपडेट मिळाले तरी नशीब समजले जाई. ऑक्टोबर २०२३च्या पिक्सेल ८ ला गूगलने सात वर्षांचे वचन दिले, जानेवारी २०२४च्या गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगनेही तेवढेच दिले. भारतात वीस हजारांच्या आत आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी लाही सहा वर्षांचे वचन मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालकॉमने आपल्या नव्या, महागड्या चिपना आठ वर्षे आधार देण्याचे जाहीर केले.

ॲपलची वचने कमी आणि प्रत्यक्ष पुरावा जास्त, अशी स्थिती आहे. २०१५च्या आयफोन ६एसला २०२१चे आयओएस १५ मिळाले. २०१३च्या आयफोन ५एसला सुरक्षेची दुरुस्ती थेट जानेवारी २०२३ मध्येही आली. अँड्रॉइड कंपन्यांची सात वर्षांची वचने अजून पूर्ण मुदतीच्या कसाला लागलेली नाहीत.

अपडेट म्हणजे नवी चित्रे आणि नवे रंग नव्हेत. जुलै २०१५ मध्ये स्टेजफ्राइट ही अँड्रॉइडमधली गंभीर त्रुटी उघड झाली. एखादा खास घडवलेला व्हिडिओ संदेश फोनवर आला तरी फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. त्यानंतरच गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली. फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारी सुरक्षा पॅचची तारीख ही त्या दुरुस्त्यांची नोंद. ती तारीखही डोळे झाकून मान्य करता येत नाही. जर्मनीतल्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्ज या संस्थेने २०१८ मध्ये सुमारे १,२०० फोन तपासले, तेव्हा काही कंपन्यांच्या फोनवर तारीख ताजी असूनही त्या तारखेपर्यंतच्या सगळ्या दुरुस्त्या प्रत्यक्षात नव्हत्या असे आढळले.

अँड्रॉइडवरचा मुलामा

अँड्रॉइड फोन कंपन्या गूगलच्या प्रणालीवर आपला मुलामा चढवतात. सॅमसंगचा वन यूआय, शाओमीचा पूर्वीचा एमआययूआय आणि २०२३ पासूनचा हायपरओएस, ओप्पोचा कलरओएस, वनप्लसचा ऑक्सिजनओएस ही त्यांची नावे. सॅमसंगचा जुना टचविझ जड आणि गजबजलेला म्हणून बदनाम होता. २०१८ मध्ये आलेल्या वन यूआयने बटणे पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात, अंगठ्याच्या टप्प्यात आणली आणि सॅमसंगची प्रतिमा सुधारली. मोटोरोला आणि गूगल आपला मुलामा पातळ ठेवतात.

शाओमीचा जन्मच सॉफ्टवेअरमधून झाला. कंपनी २०१० मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी एमआययूआय आला, आणि पहिला फोन आला तो २०११ मध्ये. भारतात शाओमी जुलै २०१४ मध्ये उतरली. हार्डवेअरवर निव्वळ नफा पाच टक्क्यांपुढे जाऊ देणार नाही, असे संस्थापक लेई जून यांनी २०१८ मध्ये जाहीर केले. फोनवर नफा कमी घ्यायचा तर पैसा दुसरीकडून यायला हवा, आणि तो जाहिराती, खेळ व इतर ऑनलाइन सेवांतून येतो. स्वस्त फोनच्या सूचनापट्टीत किंवा फाइली पाहण्याच्या ॲपमध्ये जाहिरात का दिसते, आधीच भरलेली पण नको असलेली ॲप का असतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. ग्राहक फोनची उरलेली किंमत आपल्या वेळेने आणि माहितीने चुकवतो. आता स्वस्त फोन विकणाऱ्या इतरही अनेक कंपन्या याच वाटेने चालतात.

वनप्लसची वाट नेमकी उलटी. डिसेंबर २०१३ मध्ये पीट लाऊ आणि कार्ल पेई यांनी ती स्थापन केली. पहिला वनप्लस वन सायनोजेन या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होता. सायनोजेनने भारतातले हक्क मायक्रोमॅक्सला दिले, वाद डिसेंबर २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर विसंबण्यातला धोका वनप्लसला उमगला. त्यातून ऑक्सिजनओएस जन्माला आला. हलका आणि चपळ म्हणून त्याने नाव कमावले. २०२१ मध्ये कंपनी ओप्पोच्या छत्राखाली गेली आणि ऑक्सिजनओएसचा पाया कलरओएसशी एक करण्यात आला. जुन्या चाहत्यांचा हिरमोड झाला. कंपनीचे नाव तेच राहते, तरी सॉफ्टवेअरची ओळख बदलू शकते, ही गोष्ट दर नव्या खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावी लागते.

मुलाम्याचा आणखी एक परिणाम रोजच्या वापरात जाणवतो. बॅटरी जास्त टिकावी म्हणून काही कंपन्यांची प्रणाली पडद्यामागे चालणारी ॲप सरसकट बंद करते. मग संदेश उशिरा येतात, गजर चुकतो, बँकेची सूचना फोन उघडल्यावरच दिसते. बॅटरीच्या चाचणीत असा फोन पहिला येतो, पण फोनचे मूळ काम मात्र बिघडते.

चिप, साठवण आणि उष्णता

हार्डवेअरची तुलना बहुधा प्रोसेसरच्या नावावर येऊन थांबते. स्वस्त फोन मंदावण्याचे कारण मात्र पुष्कळदा साठवणीत असते. ईएमएमसी या जुन्या प्रकाराची वेगमर्यादा सेकंदाला ४०० मेगाबाइट आहे. नव्या प्रकारातला यूएफएस ३.१ सुमारे २,१०० पर्यंत जातो आणि यूएफएस ४.० त्याच्या दुप्पट. ॲप उघडणे, फोटोंची गॅलरी चाळणे, अपडेट बसवणे ही सगळी कामे साठवणीच्या वेगावर अवलंबून असतात. जाहिरातीत १२८ जीबी हा आकडा ठळक असतो, प्रकार मात्र बारीक अक्षरातही क्वचितच सापडतो.

एकाच नावाच्या फोनमध्ये देशपरत्वे वेगळी चिप असू शकते. गॅलेक्सी एस मालिकेत सॅमसंगने वर्षानुवर्षे काही देशांत क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन आणि इतरत्र स्वतःची एक्झिनॉस वापरली. भारताच्या वाट्याला बहुधा एक्झिनॉस येई. एस२२ ला भारतात स्नॅपड्रॅगन मिळाली, एस२३ ला सगळ्या जगात, तर एस२४च्या अल्ट्राखेरीज दोन फोनांत भारतात पुन्हा एक्झिनॉस आली. त्यामुळे परदेशी परीक्षणात वाचलेली बॅटरी आणि इथल्या फोनची बॅटरी यांचा मेळ बसेलच असे नाही.

चिप कोणत्या कारखान्यात घडली यानेही फरक पडतो. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या कारखान्यात बनली आणि गरम होण्यासाठी कुप्रसिद्ध झाली. काही महिन्यांनी तिचीच सुधारित आवृत्ती टीएसएमसीकडे बनली आणि ती थंड डोक्याने चालली. भारतीय उन्हाळ्यात हा मुद्दा कागदी राहत नाही. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत वापरावा, असे ॲपल सांगते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा पडदा आपोआप मंद होणे, चार्जिंग मध्येच थांबणे आणि कॅमेरा बंद पडणे हा बिघाड नसून फोनने स्वतःला वाचवण्याचा प्रकार असतो. तो किती लवकर आणि किती कठोरपणे सुरू होतो, हे प्रत्येक कंपनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरवते.

वेगाच्या चाचण्यांतही सॉफ्टवेअर हातचलाखी करू शकते. २०२१ मध्ये वनप्लस ९ मालिकेचे फोन अनेक लोकप्रिय ॲपचा वेग आवरता घेतात, पण चाचणीच्या ॲपना मोकळे सोडतात, असे आढळले. पुढच्याच वर्षी सॅमसंगच्या गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिसबद्दल दक्षिण कोरियात असाच गदारोळ झाला. गीकबेंच या चाचणीच्या चालकांनी वनप्लस ९ आणि गॅलेक्सी एस१० ते एस२२ या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या. उष्णता आवरण्यासाठी वेग कमी करणे गैर नाही. चाचणीपुरता वेगळा वेग दाखवणे मात्र ग्राहकाची फसवणूक ठरते.

कॅमेरा: आकडा आणि गणित

कॅमेऱ्यात सॉफ्टवेअरचा वाटा सर्वांत ठळक दिसतो. गूगलने पिक्सेल ३ पासून पिक्सेल ५ पर्यंत, म्हणजे २०१८ ते २०२०, मुख्य कॅमेऱ्याला सोनीचा तोच १२.२ मेगापिक्सेलचा सेन्सर वापरला. तरीही त्या फोनांची छायाचित्रे दरवर्षी सुधारत गेली. बटण दाबताच फोन अनेक फोटो पटापट टिपतो, ते एकमेकांवर बसवतो, हात हलल्याचा दोष काढतो आणि उजेड-अंधाराचा तोल सांभाळून एकच छायाचित्र पुढे करतो. २०१८ मध्ये आलेल्या नाइट साइट या पिक्सेलच्या सोयीने याच गणिताच्या जोरावर जवळजवळ अंधारातही फोटो काढून दाखवला.

मेगापिक्सेलच्या आकड्यालाही अशीच मर्यादा आहे. २०२३च्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्राचा सेन्सर २०० मेगापिक्सेलचा आहे. एरवी तो शेजारचे १६ बिंदू एकत्र करून सुमारे १२ मेगापिक्सेलचेच छायाचित्र देतो, कारण बारीक बिंदूंवर उजेड कमी पडतो. गणित वाढत जाते तसा खरेखोट्याचा प्रश्नही येतो. मार्च २०२३ मध्ये सॅमसंग फोनने काढलेल्या चंद्राच्या फोटोंवरून वाद झाला. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्रातही फोन खळगे भरून दाखवत होता. चंद्र ओळखून तपशील उठावदार करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर होतो, असे स्पष्टीकरण सॅमसंगला द्यावे लागले.

हार्डवेअर चुकते तेव्हा

हार्डवेअरची चूक अपडेटने सुधारत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेल्या गॅलेक्सी नोट ७च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या. सॅमसंगने सप्टेंबरमध्ये फोन परत मागवले आणि दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे फोन बदलून दिले, पण बदललेलेही पेटले. विमानात हा फोन चालू करू नये असे भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही सांगावे लागले. ऑक्टोबरमध्ये उत्पादन बंद झाले. जानेवारी २०१७ मध्ये सॅमसंगने चौकशीचा निष्कर्ष मांडला. सुमारे ७०० अभियंत्यांनी दोन लाखांहून अधिक फोन आणि तीस हजारांवर बॅटऱ्या तपासल्या होत्या. पहिल्या पुरवठादाराच्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा कमी पडून आतले पदर वाकत होते. दुसऱ्याच्या बॅटरीत जोडणीच्या वेळी उरलेली टोके आतला पडदा भेदत होती. दोन वेगळ्या कारखान्यांत दोन वेगळे दोष होते. सॅमसंगने त्यानंतर बॅटरीसाठी आठ टप्प्यांची तपासणी लागू केली. तिचा २०१९चा पहिला घडीचा फोन मात्र परीक्षकांच्या हातीच बिघडला आणि एप्रिलऐवजी सप्टेंबरमध्ये विकावा लागला.

ॲपलची चूक वेगळ्या जातीची होती. जुनी बॅटरी दमली की आयफोन एकाएकी बंद पडत. ते टाळण्यासाठी ॲपलने २०१७च्या सुरुवातीला एका अपडेटमधून अशा फोनांचा वेग कमी केला. उपाय तांत्रिकदृष्ट्या शहाणपणाचा होता, फक्त ग्राहकांना तो सांगितला नव्हता. डिसेंबरमध्ये हे उघड झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलर केली. अमेरिकेतला खटला मिटवण्यासाठी पुढे ५० कोटी डॉलरपर्यंत देण्याचे मान्य करावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये गूगलनेही एका अपडेटने काही पिक्सेल ४ए फोनांच्या बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग घटवला. विकून झालेल्या हार्डवेअरवरही कंपनीचा हात सॉफ्टवेअरच्या रूपाने राहतो.

सॉफ्टवेअरअभावी वाया गेलेले हार्डवेअर

उलट बाजूचा दाखला नोकियाचा. २०१२च्या नोकिया ८०८ प्युअरव्ह्यूमध्ये ४१ मेगापिक्सेलचा मोठा सेन्सर होता आणि त्या काळातला एकही फोन छायाचित्रात त्याच्या जवळपास नव्हता. तो चालत होता सिम्बियन या जुन्या प्रणालीवर, आणि सिम्बियनला नोकियाने आदल्या वर्षीच मोडीत काढून विंडोज फोनची कास धरली होती. ॲप लिहिणारे आयफोन आणि अँड्रॉइडकडे वळले होते. उत्कृष्ट यंत्र असूनही ८०८ हौशी लोकांपुरता उरला. नोकियाचा फोन व्यवसाय २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला.

ह्युआवेचे पुढे तसेच झाले, पण कारण राजकीय होते. मे २०१९ मध्ये अमेरिकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि नव्या फोनांना गूगलच्या सेवा बंद झाल्या. चीनमध्ये गूगल नसल्याने तिथे फरक पडला नाही; युरोपात मात्र नावाजलेल्या कॅमेऱ्यांचे फोन प्ले स्टोअरविना खपेनात. त्यातून ह्युआवेने हार्मनीओएस ही स्वतःची प्रणाली उभी केली.

भारतातला ताजा अनुभव ५जीचा. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवा सुरू झाली. लोकांच्या हाती ५जी चिपचे आयफोन आणि सॅमसंगचे अनेक फोन आधीपासून होते, पण भारतीय जाळ्यांवर चालण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर त्यांत नव्हते. आयफोनना ते १३ डिसेंबरच्या आयओएस १६.२ मधून मिळाले. पैसे देऊन घेतलेली ५जीची क्षमता तोवर नुसतीच पडून होती.

मराठी वाचकाला ही गोष्ट लिपीमुळे आणखी ओळखीची आहे. २०१०-११च्या सुमाराचे अनेक अँड्रॉइड फोन देवनागरीच्या जागी चौकोन दाखवत, नाहीतर वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटवत आणि जोडाक्षरे फोडत. दोष पडद्याचा किंवा चिपचा नव्हता. कमतरता होती ती फॉन्टची आणि अक्षरे जोडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची. आता भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर राज्यघटनेच्या अनुसूचीतल्या बावीसही भाषा वाचता येणे आणि इंग्रजी, हिंदीखेरीज आणखी एका भारतीय भाषेत लिहिता येणे भारतीय मानकानुसार आवश्यक आहे.

कंपन्यांचा ताळेबंद

एवढ्या मापांवर तोलले तर चित्र असे दिसते. जुळणी आणि दीर्घ आधार यांत ॲपल पुढे आहे. चार्जिंगचा वेग, दुरुस्तीचा खर्च आणि मोकळीक यांत ती मागे पडते. सॅमसंग हार्डवेअरमध्ये सर्वांत संपन्न आहे, कारण पडदा, मेमरी आणि सेन्सर तिच्या घरचे आहेत. अपडेटमध्ये तिने मोठी झेप घेतली, पण देशपरत्वे चिप बदलण्याची तिची सवय ग्राहकाला गोंधळात टाकते. गूगलचे सॉफ्टवेअर आणि कॅमेरा उत्तम. २०२१ पासूनची तिची टेन्सर चिप मात्र निव्वळ वेगात आणि उष्णतेच्या बाबतीत स्पर्धकांच्या मागे राहिली. शिवाय पिक्सेल ४, ५ आणि ६ हे मुख्य फोन तिने भारतात विकलेच नाहीत, त्यामुळे इथला तिचा जम उशिराचा आहे. शाओमी, रिअलमी, ओप्पो, विवो यांच्याकडे रुपयाला सर्वाधिक हार्डवेअर मिळते, चार्जिंगही झपाट्याने होते. त्याची भरपाई जाहिराती, भरलेली ॲप आणि स्वस्त फोनना मिळणारे तोकडे अपडेट यांतून होते. मोटोरोलाचा मुलामा हलका, पण अपडेटचा वेग मंद.

या ताळेबंदावर सरकारी नियमांचाही दाब वाढतो आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीत ८०० वेळा चार्ज केल्यानंतरही ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे अपडेट उपलब्ध हवेत आणि सात वर्षे सुटे भाग मिळायला हवेत, असा नियम लागू झाला. भारतात असा बंधनकारक नियम नाही, म्हणून इथे चौकशी ग्राहकालाच करावी लागते.

नवा फोन घेताना म्हणून चार गोष्टी आधी पाहाव्यात: कंपनीने या नेमक्या मॉडेलला किती वर्षांचे अपडेट लेखी दिले आहेत आणि ती मुदत फोन बाजारात आल्यापासून मोजायची आहे का, भारतातल्या मॉडेलची चिप आणि साठवणीचा प्रकार कोणता, त्याच कंपनीच्या दोन वर्षांपूर्वीच्या फोनवर आज सुरक्षा पॅचची तारीख काय आहे, आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पडदा व बॅटरी बदलण्याचा खर्च किती. या चारांची समाधानकारक उत्तरे मिळाली, तर मेगापिक्सेल आणि रॅमचे आकडे शेवटी पाहिले तरी चालतात.